१२ व्होल्टचं कोडं: कूल्ड कॅमेरा, माउंट, ड्यू हीटर सगळं एका बॅटरीवर – वायर किती जाड आणि फ्यूज कितीचा?

रात्रपाळी (डोंबिवली)

नमस्कार मंडळी. गेल्या अमावास्येला माळशेजच्या पायथ्याशी ओळखीच्यांच्या शेतात रोझेट नेब्युलाचा (तेजोमेघाचा) फोटो घ्यायला गेलो होतो. आकाश अप्रतिम होतं, वारा नाही, चंद्र नाही, असं वर्षातून चार-पाच वेळाच मिळतं. सेटअप असा: हेक्यू-५ प्रो माउंट (ताऱ्यांमागे दुर्बीण फिरवणारा), एएसआय ५३३ एमसी प्रो कॅमेरा उणे १० अंशांवर थंड केलेला, दव जमू नये म्हणून दोन ड्यू हीटर पट्टे (एक मेन दुर्बिणीला, एक ताऱ्याचा माग धरणाऱ्या गाइड स्कोपला) आणि रास्पबेरी पाय ४ हा छोटा कॉम्प्युटर. सगळं १२ व्होल्ट ६५ एएचच्या (अँपिअर-अवर) एका सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरीवर. बॅटरीपासून ट्रायपॉडपर्यंत ४ मीटर वायर, सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून.

साडेबारापर्यंत झकास चाललं. मग दव पडायला लागलं म्हणून हीटर फुल केले आणि पाच मिनिटांत माउंटचा लाल दिवा मिचकायला लागला. कॅमेऱ्याच्या कूलरचा आकडा ५५ टक्क्यांवरून चढत चढत ९५ ला गेला, एका फ्रेममध्ये ताऱ्यांच्या शेपट्या आल्या, पुढच्या फ्रेमला कॅमेराच डिस्कनेक्ट. हीटर बंद केले की सगळं ठीक, चालू केले की परत तेच. पहाटे तीनला नाद सोडला कारण हीटर बंद ठेवले तर लेन्सवर दव आणि चालू ठेवले तर माउंट बंद. बॅटरी संपली म्हणावं तर घरी आणून मीटर लावला तर १२.४ दाखवतेय.

वायर दुकानातून '१ स्क्वेअर एमएम' म्हणून घेतलेली, लाल-काळी जोडवायर. वाटेत काचेचा फ्यूज होल्डर आहे, त्यात १५ अँपिअरचा फ्यूज टाकलाय, आधी ५ चा होता तो उडाला म्हणून. वायर बदलू की बॅटरी? आणि फ्यूज नेमका कितीचा हवा? माहीतगारांनी कृपया सांगा, पुढची अमावास्या वाया घालवायची नाहीये.

वायरीवाले आप्पा

बॅटरी आत्ता बदलू नका, पैसे वाया जातील. तुम्ही जे लिहिलंय ते सरळसरळ व्होल्टेज ड्रॉपचं लक्षण आहे, भार वाढला की पडतं आणि भार काढला की उठतं. मी ३४ वर्षं कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्स केलं, दुर्बिणीचा नाद निवृत्तीनंतरचा, पण वायर दोन्हीकडे तीच.

साधं गणित मांडतो. १ स्क्वेअर एमएमच्या मल्टीस्ट्रँड तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स किलोमीटरला १९.५ ओहम असतो, म्हणजे मीटरला ०.०१९५. तुमची वायर ४ मीटर, पण करंट जातो ४ आणि परत येतो ४, हे लोक हमखास विसरतात, म्हणून ८ मीटर धरायचं. ८ गुणिले ०.०१९५ म्हणजे ०.१५६ ओहम. हीटर फुल असताना सगळं मिळून ६ अँपिअर धरू. ०.१५६ गुणिले ६ म्हणजे साधारण ०.९४ व्होल्ट वायरीतच गेले. तुमच्या माउंटला ११ ते १५ व्होल्ट लागतात आणि दिवा मिचकणं ही त्याची व्होल्टेज कमी पडतंय अशी हाक आहे.

आता घरी बसून एक काम करा. बॅटरी फुल चार्ज करा, शेतात जसं होतं तस्संच सगळं जोडा, हीटर फुल, कूलर चालू. मग मीटर डीसी व्होल्टवर ठेवून पहिलं माप थेट बॅटरीच्या पोलवर घ्या, दुसरं माउंटच्या प्लगजवळ. नंतर एकेका जोडाच्या अलीकडे-पलीकडे मीटरची टोकं लावून त्या जोडात किती व्होल्ट खर्च होतायत ते बघा: सिगारेट प्लग, फ्यूज होल्डर, बॅरल प्लग (उपकरणात जाणारा गोल प्लग), प्रत्येकाचं वेगळं. भार चालू असतानाच मोजायचं. भार नसताना गंजका खिळासुद्धा पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो.

आणि तो १५ चा फ्यूज आज काढा. त्याबद्दल सविस्तर रात्री लिहितो.

ध्रुवमत्स्य

कशाला एवढी मोजामोजी, रेडीमेड पॉवर बॉक्स घ्या आणि मोकळे व्हा. सगळे पोर्ट एका ठिकाणी, करंट किती चाललाय ते मोबाईलवर दिसतं, हीटरही त्यावरूनच कंट्रोल होतात. मी दोन वर्षं वापरतोय, काही त्रास नाही.

गार्गी_नभ (पुणे)

@ध्रुवमत्स्य, बॉक्स छान असतात, माझ्याकडेही आहे, पण बॉक्स ट्रायपॉडवर बसतो आणि बॅटरी खाली चार मीटरवर, मधली वायर तीच राहिली ना? बॉक्सला १०.७ व्होल्ट पोचले तर तो पुढे १०.७ च वाटणार, बहुतेक बॉक्स व्होल्टेज वाढवून देत नाहीत. आप्पा म्हणतात ते आधी करा.

ध्रुवमत्स्य

हं, हे बरोबर आहे. माझी बॅटरी ट्रायपॉडच्या पायालाच अडकवलेली असते, वायर जेमतेम हातभर, म्हणून मला कधी जाणवलं नसेल.

वायरीवाले आप्पा

रात्रीचं लिहायचं राहिलेलं, फ्यूजबद्दल.

बहुतेकांची समजूत अशी की फ्यूज कॅमेरा वाचवायला असतो. फ्यूज असतो वायर वाचवायला. कॅमेऱ्याच्या आतलं सर्किट बिघडायला मिलिसेकंद पुरतात, फ्यूज तेवढ्या चपळाईने उडत नाही. पण बॅटरीतून निघालेल्या वायरीचं इन्सुलेशन कुठे घासलं आणि प्लस-मायनस एकमेकांना चिकटले तर बॅटरी त्या वायरीत शेकडो अँपिअर ओतते, वायर लाल होते, पीव्हीसी वितळतं, आग लागते. ते थांबवायला फ्यूज. म्हणून दोन नियम धरा. एक, फ्यूजचा आकडा वायरीच्या क्षमतेपेक्षा कमी आणि तुमच्या नेहमीच्या करंटपेक्षा थोडा जास्त. दोन, फ्यूज बॅटरीच्या प्लस पोलच्या शक्य तितका जवळ, वीतभर अंतरात. तुमचा होल्डर 'वाटेत' आहे असं लिहिलंय, म्हणजे पोलपासून होल्डरपर्यंतची वायर उघड्यावर आहे. तिथे शॉर्ट झालं तर फ्यूजला कळणारसुद्धा नाही.

तुमचा ५ चा फ्यूज उडाला कारण करंट ६ होता. तो त्याचं काम करत होता. त्यावर १५ चा टाकून तुम्ही राखणदाराला झोपवलंत.

अजून एक, फ्यूजवर १० लिहिलंय म्हणून तो १०.१ ला उडतो असं नाही. गाडीत असतात तसा ब्लेड फ्यूज त्याच्या आकड्याच्या १० टक्के वर तासन् तास तग धरतो, ३५ टक्के वर गेलं तर काही सेकंदांपासून दहा मिनिटांपर्यंत कितीही वेळ घेऊ शकतो, दुप्पट झालं की मात्र पाच सेकंदांच्या आत जातो. आणि उलट बाजूने, सतत चालणारा भार फ्यूजच्या आकड्याच्या ७५-८० टक्क्यांच्या आत ठेवावा नाहीतर तो विनाकारण म्हातारा होऊन भलत्या वेळी जातो.

काचेचे सोडा, ब्लेड वापरा. पकड घट्ट असते, ३२ व्होल्ट डीसी असं स्पष्ट लिहिलेलं असतं, हायवेवरच्या कुठल्याही स्पेअरपार्टच्या दुकानात मिळतात आणि अंधारात लाल टॉर्च बाजूला ठेवून पांढरी लावली तर रंगावरून कळतात: ३ जांभळा, ५ फिकट तपकिरी, साडेसात गडद तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. घरातला एमसीबी इथे लावू नका, एसीचा करंट सेकंदाला शंभरदा शून्यावर येतो म्हणून त्यातली ठिणगी विझते, डीसी शून्यावर येतच नाही.

सह्यभटका

आप्पांच्या त्या 'वीतभर अंतरात' ला माझं शंभरदा अनुमोदन. माझ्यासोबत घडलेलं सांगतो, दोन वर्षांपूर्वी भंडारदऱ्याच्या बाजूला. माझाही फ्यूज होता, पण ट्रायपॉडकडच्या टोकाला, डिस्ट्रिब्यूशन बॉक्सच्या आत, नीट बसवलेला. बॅटरी लोखंडी पेटीत होती आणि वायर पेटीच्या भोकातून बाहेर काढलेली, त्या भोकाला रबरी ग्रोमेट लावायचं राहून गेलं होतं. तीन-चार ट्रिपा काही झालं नाही, पत्र्याची कड रोज थोडी थोडी घासत राहिली असणार. त्या रात्री आम्ही चौघं चहा घेत होतो, आधी जळका वास आला, मग पेटीतून धूर. जाऊन बघतो तर लाल वायर भोकापाशी पत्र्याला चिकटलेली, मायनसचं लगही (पोलला वायर जोडणारी कडी) आतून पेटीला टेकलेलं, आणि पेटीत अंथरलेल्या सतरंजीवर पडलेली वायर साप वळवळावा तशी वर उचलत होती, कव्हर पातळ होऊन सतरंजीवर ठिबकत होतं. मित्राने हातात जाड मोजा घालून लग ओढून काढलं. बॉक्समधला फ्यूज शाबूत, कारण करंट त्याच्यापर्यंत गेलाच नव्हता.

सतरंजी अजून आहे माझ्याकडे, तिच्यावर वायरीच्या आकाराची काळी रेघ आहे. प्रत्येक वेळी सामान भरताना ती वरती ठेवतो म्हणजे बॅटरीचा फ्यूज आधी तपासला जातो.

नवा_निरीक्षक (इचलकरंजी)

वाचतोय. एक शंका, मी गच्चीवरून फोटो काढतो, खालच्या खोलीतून वीज आणायची तर १२ चा अ‍ॅडॅप्टर खाली ठेवून डीसी वर न्यायचं का एक्स्टेन्शन बोर्ड वर नेऊन तिथे अ‍ॅडॅप्टर लावायचा? अंतर १५ मीटर.

गार्गी_नभ

@नवा_निरीक्षक, दवात भिजणाऱ्या गच्चीवर २३० व्होल्टचा बोर्ड जमिनीवर ठेवू नका, प्लीज. पहाटेपर्यंत बोर्डवर अक्षरशः पाणी साचतं. न्यायचाच असेल तर त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे याची खात्री करा आणि बोर्ड झाकणाच्या डब्यात, उंचावर.

मी तुमच्या जागी असते तर १२ व्होल्टचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) खोलीत ठेवून त्याचा अ‍ॅडजस्टमेंटचा छोटा स्क्रू फिरवून १३.८ व्होल्ट केलं असतं आणि डीसी वर आणलं असतं. १५ मीटर म्हणजे जाऊन-येऊन ३०. अडीच स्क्वेअरची वायर मीटरला सुमारे ०.००८ ओहम, म्हणजे ०.२४ ओहम, ६ अँपिअरला १.४४ व्होल्ट पडले, वर पोचले १२.३६. चालतंय. ४ स्क्वेअर घेतली तर जेमतेम ०.९ पडतात आणि वर १२.९ मिळतात. १३.८ च का, तर भार नसताना पूर्ण १३.८ वर पोचतील आणि तेही तुमच्या उपकरणाच्या कमाल मर्यादेच्या आत असायला हवेत. त्यामुळे आधी तुमच्या माउंटचं आणि कॅमेऱ्याचं मॅन्युअल बघा, सगळ्यांना १५ चालतातच असं नाही.

रात्रपाळी

आप्पा, मोजलं! रविवारी सकाळी हॉलमध्ये सगळं मांडलं, बायको आणि मुलगी दोघी मदतीला, मुलगी आकडे लिहून घेत होती. बॅटरी फुल चार्ज, सगळं फुल चालू, क्लॅम्प मीटरवर ६ अँपिअर (तुमचा अंदाज तंतोतंत). आकडे असे आले:

बॅटरीच्या पोलवर १२.५०. माउंटच्या प्लगवर १०.६८. म्हणजे १.८२ व्होल्ट वाटेतच गायब. त्यातले सिगारेट प्लगमध्ये ०.२२, काचेच्या फ्यूज होल्डरमध्ये ०.०९, बॅरल प्लगमध्ये ०.०४ आणि उरलेले १.४७ नुसत्या वायरीत.

सिगारेट प्लगला हात लावला तर चांगला गरम. पण माझा प्रश्न असा की तुम्ही वायरीसाठी ०.९४ काढले होते आणि येतायत १.४७, माझं मोजताना चुकलं का? तीनदा मोजलं, तेच येतंय.

वायरीवाले आप्पा

तुमचं मोजणं चुकलेलं नाही, फार उत्तम मोजलंय. मुलीला शाबासकी सांगा.

१.४७ भागिले ०.९४ म्हणजे दीडपटीहून थोडं जास्त. हा आकडा पाहून मला एकच संशय येतो. वायरीचं टोक सोला, एक धागा वेगळा काढा, कटरच्या पात्याने हलकेच खरवडा. आतून लाल निघाला तर तांबं. वरून तांबूस आणि आतून पांढरा चंदेरी निघाला तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम, ज्याला सीसीए म्हणतात. (वरून चंदेरी आणि आतून लाल असेल तर ते कल्हई केलेलं तांबं, ते उत्तम, त्याला घाबरू नका.)

रात्रपाळी

आतून पांढरा.

आता काय बोलू. रंग, कव्हर, सगळं तांब्याच्या वायरीसारखंच, आणि मी विचारून घेतली होती.

वायरीवाले आप्पा

मनाला लावून घेऊ नका, स्पीकरच्या आणि सोललेल्या जोडवायरीत हे सर्रास येतं. सीसीएचा रेझिस्टन्स तांब्याच्या साधारण दीड ते पावणेदोनपट, म्हणजे तुमची १ ची वायर खरं तर ०.६ ची होती. त्यात अ‍ॅल्युमिनियम वाकवून वाकवून लवकर तुटतं आणि स्क्रूखाली सैल पडत जातं. हातात घेतली की हलकी लागते, तांब्याचं बंडल जड असतं, ही सवयीने कळणारी गोष्ट. विकत घेताना वायरीवर आयएस ६९४ छापलंय का बघा, आणि स्क्वेअर एमएम छापलेलं बघा.

जुन्या दुकानांत अजून '२३/७६', '४०/७६' असं बोलतात. पहिला आकडा धाग्यांचा, दुसरा प्रत्येक धाग्याचा व्यास इंचाच्या दशहजारांशात. ४०/७६ म्हणजे सव्वा स्क्वेअरच्या थोडी आतली, २३/७६ म्हणजे पाऊणच्या आतली. आणि परदेशी वेबसाइटवर १८ गेज वाचून इथल्या दुकानात १८ गेज मागू नका, अमेरिकन १८ गेज ०.८२ स्क्वेअर असतं आणि ब्रिटिश १८ गेज १.१७. गेज बोलायचंच नाही, स्क्वेअर एमएम बोलायचं.

कॅलगरीकर

ही चर्चा फार उपयुक्त, वाचनखूण साठवली. इकडे कॅनडात हिवाळ्यात उणे २० ला फोटो काढतो त्यातलं थोडं.

साधी पीव्हीसी वायर थंडीत काठीसारखी कडक होते. माउंट फिरला की वायर वाकत नाही, ती माउंटलाच ढकलते आणि गाइडिंगच्या आलेखात ठराविक वेळाने उंचवटा दिसतो. मी आठवडाभर गिअरमध्ये दोष शोधत होतो. सिलिकॉन इन्सुलेशनच्या वायरी लावल्या, त्या उणे ४० लाही दोरीसारख्या लोळतात, उंचवटा गेला. हानलेला जाणाऱ्यांनी हे नक्की करा, साडेचार हजार मीटरवर ऑक्टोबरातही रात्र शून्याच्या बरीच खाली जाते.

थंडीत तांब्याचा रेझिस्टन्स उलट कमी होतो, २० वरून उणे २० ला सुमारे १५ टक्के, पण बॅटरी त्याहून जास्त मान टाकते म्हणून त्यावर विसंबू नका. आणि लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्याखाली चार्ज करायची नाही, वापरायला हरकत नाही. पहाटे गाडीत ठेवून लगेच चार्जरला लावली की कायमची खराब होते.

सह्यभटका

हानलेचा विषय निघाला म्हणून, विमानाने जाणार असाल तर १०० वॉट-अवरपर्यंतचीच लिथियम बॅटरी केबिन बॅगेत सहज नेता येते, १०० ते १६० ला एअरलाइनची परवानगी लागते. १२.८ व्होल्ट २० एएच म्हणजे २५६ वॉट-अवर, नाहीच नेता येणार. आम्ही लेहमध्ये गाडीची बॅटरी भाड्याने घेतली होती आणि वायरी-फ्यूज घरून नेले. पोलला लावायच्या मोठ्या क्लिपा आणि त्यांच्याजवळच फ्यूज, असा एक जोड तयार ठेवा, कुठल्याही बॅटरीला चालतो.

गार्गी_नभ

@रात्रपाळी, आता सगळं नव्याने करणार असाल तर माझी रचना सांगते, बुधवार पेठेतून एका शनिवारी सगळं आणलं होतं आणि तीन हिवाळे चाललंय.

बॅटरीच्या प्लसवर लग, त्याला लागून ब्लेड फ्यूज होल्डर, त्यात १५ चा निळा फ्यूज. तिथून अडीच स्क्वेअरची दुपदरी वायर ट्रायपॉडपर्यंत, शेवटी एक्सटी-६० कनेक्टर. अडीचची वायर २० अँपिअरच्या आसपास झेपवते म्हणून १५ चा फ्यूज तिला राखतो. सिगारेट प्लग पूर्ण हद्दपार, तो गाडीत सिगारेट पेटवण्यासाठी बनवलेला, स्प्रिंगच्या जोरावर टिकतो आणि धक्का लागला की सैल.

ट्रायपॉडवर सहा फ्यूजचा छोटा ब्लॉक, गाड्यांसाठी मिळतो तोच. तिथून पुढे प्रत्येक उपकरणाला वेगळी पाऊण स्क्वेअरची वायर, अर्धा-पाऊण मीटर लांब. माउंटला ५, कॅमेऱ्याला ५, दोन्ही हीटर मिळून ५, रास्पबेरी पायच्या ५ व्होल्ट कन्व्हर्टरला ३. पाऊणची वायर ७ अँपिअरपर्यंत चालते म्हणून ५ चा फ्यूज. हे छोटे फ्यूज नसतील तर मेन १५ चा फ्यूज या बारीक वायरींना वाचवत नाही, हे लक्षात घ्या. जिथे वायर बारीक होते तिथे नवा फ्यूज.

फायदा अजून एक. एकदा हीटरच्या पट्ट्याची वायर फोकसरमध्ये चिरडून शॉर्ट झाली, हीटरचा फ्यूज गेला आणि कॅमेरा-माउंट चालूच राहिले. मला कळलं ते पहिल्या ओल्या फ्रेमवरून.

ध्रुवमत्स्य

एवढे फ्यूज म्हणजे प्रत्येकात परत ड्रॉप नाही का?

गार्गी_नभ

आहे, पण किरकोळ. ५ च्या ब्लेड फ्यूजचा रेझिस्टन्स पंधरा-वीस मिलिओहम. कॅमेऱ्याचे अडीच अँपिअर धरले तर ०.०५ व्होल्ट. एका सिगारेट प्लगच्या ०.२२ मध्ये असे चार फ्यूज बसतात.

आणि निगेटिव्ह वायरीकडे दुर्लक्ष करू नका, हे मी पोळून शिकले. माझा लॅपटॉप गाडीच्या चार्जरने त्याच बॅटरीवर होता आणि यूएसबीने कॅमेऱ्याला जोडलेला. कॅमेऱ्याच्या बॅरल प्लगमधला निगेटिव्हचा जोड सैल झाला. कॅमेरा बंद पडायला हवा होता, पण पडला नाही, चालू राहिला, फक्त फ्रेममध्ये आडव्या पट्ट्या यायला लागल्या. हात लावला तर यूएसबी केबल कोमट! कॅमेऱ्याचा सगळा करंट त्या केसासारख्या यूएसबी ग्राउंडमधून लॅपटॉपकडे आणि तिथून बॅटरीकडे परत जात होता. फ्यूज सगळे प्लसवर, त्यांना पत्ता नाही, त्यांच्यातून तेवढाच करंट जातोय. तेव्हापासून निगेटिव्हही प्लसइतकीच जाड आणि प्रत्येक उपकरणाची वेगळी.

बॅरल प्लग घेताना ५.५ बाय २.१ आणि ५.५ बाय २.५ यांत गल्लत नको. २.५ चा प्लग २.१ च्या सॉकेटमध्ये जातो, पण आत ढिला. टेबलावर चालतो, मेरिडियन फ्लिपला (माउंट दुर्बीण पलटवतो तेव्हा) केबल ओढली गेली की क्षणभर संपर्क तुटतो.

वायरीवाले आप्पा

गार्गीताईंची रचना एक नंबर. मी फक्त जोडांबद्दल भर घालतो. लगला वायर क्रिंप करा (दाबून बसवा), योग्य पकडीने, नुसती पक्कड दाबून नाही. डाख देऊन कडक केलेली मल्टीस्ट्रँड वायर जिथे डाख संपतो तिथेच वाकून तुटते, आणि स्क्रूच्या टर्मिनलखाली डाख हळूहळू दबून जोड सैल होतो. स्क्रूखाली जाणार असेल तर फेरूल (टोकावर बसणारी धातूची नळी) घाला. एक्सटी-६० ला मात्र डाखच द्यावा लागतो, तिथे वरून हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी) आणि वायर वीतभर अंतरावर ट्रायपॉडला बांधून टाका म्हणजे वाकण्याचा ताण जोडावर येत नाही. आणि बॅटरीकडून येणाऱ्या वायरीला एक्सटी-६० ची मादी बाजू, जिचे धातू आत झाकलेले असतात. उघडी पिनांची बाजू बॅटरीकडे ठेवली तर किल्लीच्या जुडग्याने शॉर्ट होईल.

कॅमेरा लावण्याआधी मीटरने मधली पिन प्लस आहे ना हे प्रत्येक नव्या केबलला बघायचंच. कॅमेऱ्याला उलटे पोल दिले तर फ्यूज उडेपर्यंत कॅमेरा गेलेला असतो.

नवा_निरीक्षक

गार्गीताई, ४ स्क्वेअर घेतली. खोलीत १३.८, गच्चीवर १३.१ आले, पण माझा करंट साडेचारच आहे. आरसीसीबी पण बसवून घेतला. आई म्हणाली हे आधीच करायला हवं होतं.

रात्रपाळी

मंडळी, रिपोर्ट द्यायला आलोय. लॅमिंग्टन रोडवरून अडीच स्क्वेअरची तांब्याची वायर आणली, दुकानातच धागा खरवडून बघितला, दुकानदाराने स्वतः पातं दिलं. गार्गीताईंची रचना जशीच्या तशी केली, बॅटरीपाशी १५ चा निळा, वर ब्लॉकमध्ये चार फ्यूज. लोखंडी पेटी माझ्याकडे नाही, तरी सह्यभटकांचं वाचून प्लास्टिकच्या डब्याच्या भोकालाही ग्रोमेट लावलं.

घरी परत तीच परीक्षा घेतली: बॅटरी १२.५०, ६ अँपिअर, माउंटच्या प्लगवर १२.०३. वायरीत ०.३८, बाकी सगळे जोड आणि फ्यूज मिळून ०.०९. आधी एकटा काचेचा होल्डरच तेवढे खात होता.

काल त्याच शेतात गेलो. साडेअकराला दव सुरू झालं, हीटर फुल केले आणि माउंटच्या दिव्याकडे बघत उभा राहिलो. दहा मिनिटं तसाच उभा होतो. दिवा स्थिर. कूलर ५८ टक्के. तीन-तीन मिनिटांच्या ७४ फ्रेम मिळाल्या, टाकून द्यायला लागल्या त्या फक्त दोन, त्याही विमानामुळे. पहाटे चारला बॅटरी भारावर १२.० च्या खाली यायला लागली तेव्हा थांबलो, लेड-अ‍ॅसिड अर्ध्याच्या खाली न्यायची नाही हे आप्पांनी फोनवर बजावलं होतं.

रोझेटच्या फ्रेम एकत्र करून स्टॅक करतोय, दोन दिवसांत इथेच टाकतो. मुलीने विचारलंय की आप्पा आजोबा, जुन्या पांढऱ्या वायरीचं काय करायचं?

वायरीवाले आप्पा

तिला सांगा, दोन्ही टोकं कापून टाकायची म्हणजे चुकून कुणी परत बॅटरीला लावणार नाही, आणि मग कागदाचे तारे करून त्यात ओवायचे. फोटोची वाट बघतोय.